करडई तेलाचा साबण आणि ‘सर्व विषाणूंवर प्रभावी’ हा दावा: एक परीक्षण

लातूर जिल्ह्यातील एका महिला बचत गटाने करडईच्या तेलापासून बनवलेला हात धुण्याचा साबण अलीकडे लातूर, उदगीर आणि अंबाजोगाई येथील काही दुकानांत आणि बचत गटांच्या प्रदर्शनांत विक्रीस दिसतो. १०० ग्रॅमच्या वडीची किंमत ४५ रुपये असून त्याच गटाचा द्रवरूप साबण आणि हातांवर चोळायचे अल्कोहोलयुक्त द्रावणही मिळते. प्रत्येक वडीसोबत चार पानांचे माहितीपत्रक दिले जाते आणि साबण विषाणूंवर कसा काम करतो हे त्यात यजमान पेशीतील, म्हणजे विषाणू ज्या पेशीत शिरून वाढतो तिच्यातील, मेदाच्या आधारे समजावले आहे. मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. आमच्या मुलींच्या वसतिगृहासाठी हा साबण घ्यावा असा विचार पुढे आल्यावर मी तो घरी आणि वसतिगृहात वापरून पाहिला आणि माहितीपत्रक ओळ न ओळ वाचले. परीक्षणात माहितीपत्रकाला बरीच जागा देत आहे, कारण ही वडी तिच्या गुणांइतकीच त्या चार पानांवरील विधानांच्या बळावर विकली जाते, आणि त्यांतली काही विधाने उत्तम असली तरी काही वाचकाला चुकीच्या मार्गाला लावणारी आहेत.

आधी साबणाविषयी. तो थंड पद्धतीने, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्याचे द्रावण न उकळता एकत्र घोटून, साच्यात ओतून आणि नंतर काही आठवडे सुकवून तयार केला जातो. या पद्धतीत साबणीकरणातून निर्माण होणारे ग्लिसरीन वडीतच राहते, त्यामुळे वारंवार हात धुऊनही त्वचा ताणल्यासारखी किंवा कोरडी वाटत नाही. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत हा गुण लहान नाही. करडईच्या तेलातील जवळपास तीन चतुर्थांश मेदाम्ल लिनोलिक प्रकारचे असते आणि केवळ त्याचा साबण केला तर तो मऊ पडतो आणि फेसही जेमतेम देतो. गटाने त्यात खोबरेल तेल मिसळले आहे हे योग्यच झाले, कारण खोबरेल तेलातील लॉरिक आम्लामुळे वडीला कठीणपणा येतो आणि फेस लवकर होतो. रंग घातलेला नाही, वास तेलाचाच आहे आणि तो मला आवडला. वडी मात्र पाण्यात राहिली की लगेच विरघळते, म्हणून छिद्रे असलेली साबणदाणी हवी. वेष्टनावर एकूण मेदद्रव्याचे प्रमाण छापलेले नाही. अंगाच्या साबणाच्या भारतीय मानकात पहिल्या श्रेणीसाठी हे प्रमाण किमान ७६ टक्के धरले जाते. ग्लिसरीन आणि पाणी राखून ठेवणाऱ्या हातसाबणात ते कमी भरले तरी त्यात कमीपणा नाही, पण आकडा छापलेला असावा.

आता दावा. वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘सर्व विषाणूंवर प्रभावी’ आणि त्याखाली ‘९९.९ टक्के संरक्षण’ असे लिहिले आहे. ९९.९ टक्के हा आकडा कोणत्या विषाणूवर, किती वेळाच्या संपर्कात आणि कोणत्या पाण्यात मिळाला हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. शिवाय दहा लाख विषाणूकणांपैकी ९९.९ टक्के नष्ट झाले तरी एक हजार शिल्लक राहतात, हेही वाचकाला कळायला हवे. तथापि माझा मुख्य आक्षेप ‘सर्व’ या शब्दाला आहे, आणि तो शब्द का टिकत नाही याचे उत्तर माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर, गटाने स्वतःच दिलेल्या स्पष्टीकरणात दडलेले आहे.

हे दुसरे पान खरोखर वाखाणण्यासारखे आहे. विषाणूला स्वतःचा मेद तयार करता येत नाही, त्याच्याभोवतीचे मेदाचे आवरण त्याने आपल्याच पेशीतून घेतलेले असते, आणि साबण त्या आवरणावर आघात करतो, एवढी गोष्ट त्या पानावर सोप्या मराठीत मांडलेली आहे. शालेय पुस्तकांतही इतक्या नेमकेपणाने ती क्वचितच येते. प्रत्येक जिवंत पेशीभोवती मेदरेणूंचे दोन थर एकमेकांना चिकटून बनलेले पटल असते, ही कल्पना गॉर्टर आणि ग्रेंडेल या शास्त्रज्ञांनी १९२५ मध्ये मांडली. इन्फ्लूएन्झाचा विषाणू पेशीच्या बाह्य पटलातून, विशेषतः कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिड हे मेदाचे प्रकार जिथे दाटीने असतात अशा भागांतून, ते पटल स्वतःभोवती लपेटून बाहेर पडतो. कोरोनाविषाणू मात्र पेशीच्या आत, आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी पिंड या पटलांनी बनलेल्या दोन अंतर्गत रचनांच्या मधल्या कप्प्याचे पटल घेतो. म्हणजे दोघांचेही आवरण आपल्याच मेदाचे असले तरी ते पेशीच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेले असते आणि त्याची घडणही वेगळी असते. एचआयव्हीचे आवरण ज्या पेशीतून तो बाहेर पडला तिच्या पटलापेक्षाही कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोमायलिनने अधिक समृद्ध असते, आणि प्रयोगशाळेत त्यातील कोलेस्टेरॉल काढून घेतले तर त्याची संसर्गक्षमता घटते. म्हणजे विषाणू मिळेल तो मेद उचलत नाही. त्याच्या कामाला लागणारी रचना जिथे आहे तिथूनच तो बाहेर पडतो.

साबणाचा रेणू या आवरणाशी काय करतो हेही पानावर बरोबर सांगितले आहे. त्याचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि लांब शेपटी मेदाकडे. शेपट्या आवरणातील मेदरेणूंच्या मध्ये शिरतात, आवरण विस्कळीत होते, मेदाचे तुकडे साबणाच्या सूक्ष्म पुंजक्यांत अडकून पाण्याबरोबर वाहून जातात, आणि पेशीला चिकटण्यासाठी आवरणात रोवलेली प्रथिने निराधार होतात. यासाठी वेगळे जंतुनाशक द्रव्य मिसळण्याची गरज नसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटकांना घरगुती जंतुनाशक साबणांतून वगळले, कारण साध्या साबणापेक्षा ते अधिक उपयुक्त आहेत हे उत्पादकांना सिद्ध करता आले नव्हते. गटाने असे कोणतेही रसायन घातलेले नाही, याबद्दल त्या महिलांचे मनापासून कौतुक करायला हवे.

परंतु ज्या विषाणूंना मेदाचे आवरणच नसते त्यांचे काय, हा प्रश्न पान संपते तरी विचारला जात नाही. रोटाव्हायरस, नोरोव्हायरस, पोलिओचा विषाणू, हिपॅटायटिस ए आणि ई यांचे बाहेरच्या जगात फिरणारे कण हे केवळ प्रथिनांच्या घट्ट कवचात असतात. साबणाच्या शेपट्यांना शिरायला तिथे मेदच नाही. असे विषाणू कोरड्या पृष्ठभागावर आणि पाण्यात आवरण असलेल्या विषाणूंपेक्षा साधारणपणे अधिक काळ टिकतात, आणि लहान मुलांचे अतिसार आणि दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ हे आपल्या गावांतील नित्याचे आजार बऱ्याचदा त्यांच्यामुळेच होतात. मराठवाड्यातील ग्राहकाला साबण विकताना हा भाग वगळणे मला गंभीर वाटते.

कावीळ घडवणाऱ्या हिपॅटायटिस एच्या विषाणूचे उदाहरण तर माहितीपत्रकात असायलाच हवे होते, कारण मेद आणि विषाणू यांच्या नात्यातील सर्वांत विलक्षण प्रकार तिथे पाहायला मिळतो. हा विषाणू आवरणहीन आहे असेच दीर्घकाळ मानले जात होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले की यकृतपेशीतून बाहेर पडताना तो पेशीचे पटल अंगावर घेऊन निघतो आणि रक्तात त्या पांघरुणाआड प्रतिपिंडांपासून (अँटिबॉडींपासून) सुरक्षित फिरतो. पित्तमार्गे आतड्याकडे जाताना पित्तक्षार हे पांघरूण काढून टाकतात, आणि विष्ठेतून बाहेर येतो तो उघडा, टणक कण. आपल्याच यकृताने स्रवलेले पित्तक्षार इथे साबणासारखे काम करतात आणि तरीही विषाणू मरत नाही. मेद गेल्यावर तो पाण्यात आणि मातीत टिकण्यास अधिकच समर्थ होतो. हिपॅटायटिस ईच्या विषाणूचेही असेच आहे. ज्या कणाचे आवरण पित्ताने आधीच उतरवले आहे, त्याच्यावर ‘आवरण फोडणाऱ्या’ साबणाचा दावा लागू पडत नाही.

याचा अर्थ अशा वेळी हात धुणे निरुपयोगी असा मुळीच नाही. फेस, चोळणे आणि वाहते पाणी यांनी विषाणूकण त्वचेवरून सुटतात आणि वाहून जातात, त्यामुळे शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी किमान २० सेकंद हात चोळून धुणे हे या आजारांतही उपयोगाचेच आहे. फरक एवढाच की इथे विषाणू नष्ट होत नसून हातांवरून हटवला जातो, म्हणून चोळण्यात आणि पाण्यात काटकसर करून चालत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी तर क्लोरीन किंवा उकळणे याला पर्याय नाही. क्लोरीन प्रथिनांच्या कवचावर आणि आतील जनुकीय द्रव्यावर आघात करतो, त्याला मेदाच्या आवरणाची गरज लागत नाही.

तिसऱ्या पानावर साबणाने दूर राहणाऱ्या आजारांची यादी आहे आणि तीत डेंग्यूचे नाव छापले आहे. डेंग्यूच्या विषाणूला आवरण आहे हे खरे, आणि तेही आपल्या पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलापासून घेतलेले. मेदाशी त्याचे नाते तर आणखी खोल आहे: पेशीत शिरल्यावर तो आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलांना वळवून आपल्या प्रती काढण्यासाठी कप्पे तयार करतो, मेदाम्ले तयार करणाऱ्या पेशीच्याच विकराला (एन्झाइमला) त्या कप्प्यांकडे ओढून आणतो, आणि त्याचे कवचप्रथिन पेशीतील मेदबिंदूंवर जाऊन बसते. पण हा विषाणू डासाच्या सोंडेतून थेट त्वचेखाली पोचतो. हात कितीही स्वच्छ असले तरी त्याला अडथळा होत नाही. एखाद्या विषाणूचे आवरण साबणाने फुटते की नाही आणि तो विषाणू हातांवरून पसरतो की नाही हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तरच साबणाच्या वेष्टनावर त्या आजाराचे नाव येऊ शकते. पाणी साठवून ठेवणे ज्यांना अपरिहार्य आहे अशा आपल्या भागात डेंग्यूसाठी रांजण आणि टाक्या झाकणे, आठवड्यातून एकदा ते रिकामे करून घासणे हेच सांगायला हवे. हे नाव गटाने तातडीने काढून टाकावे.

चौथ्या पानावरील सल्ला मात्र मला सर्वांत अधिक अस्वस्थ करून गेला. विषाणूंना आपल्या शरीरातील मेद लागतो, म्हणून तापाच्या दिवसांत तेल, तूप आणि दूध बंद ठेवावे, म्हणजे विषाणूची उपासमार होते, असे तिथे लिहिले आहे. दुसऱ्या पानावरील बरोबर माहितीतून काढलेला हा निष्कर्ष पूर्णपणे चुकीचा आहे. विषाणू वापरतो तो पेशीच्या पटलांतला आणि पेशीने स्वतः घडवलेला मेद. आपल्या शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल आहारातून येत नाही, ते शरीरातच तयार होते, आणि काही दिवस तूप टाळल्याने पेशींची पटले रिकामी होत नाहीत. पेशीतील कोलेस्टेरॉलची निर्मिती औषधाने कमी केली तर विषाणूला अटकाव होईल का, हा विचार शास्त्रज्ञांनी गांभीर्याने केला आहे. व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या प्रौढ रुग्णांना लोवास्टॅटिन हे असेच औषध देऊन चाचणी झाली. औषध सुरक्षित ठरले, पण आजाराच्या वाटचालीत किंवा रक्तातील विषाणूंच्या प्रमाणात त्याचा लाभ दिसला नाही. जिथे औषधाने हे साधले नाही तिथे ताटातील तूप काढून काय साधणार? उलट तापाने आधीच खंगलेल्या लेकराचे दूध तोडले तर त्याच्या अशक्तपणात भरच पडेल. आपल्याकडे तापात लंघन करण्याची प्रथा अजून आहे आणि छापील कागदावर घरोघरी श्रद्धेने विश्वास ठेवला जातो, म्हणून हे पान शक्य तितक्या लवकर मागे घ्यायला हवे.

आता पाण्याकडे येऊ, कारण मराठवाड्यात साबणाची खरी परीक्षा पाण्यातच होते. आमच्या वसतिगृहाला उन्हाळ्यात बोअरचे पाणी वापरावे लागते आणि ते जड आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची, म्हणजे जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. अशा पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाच्या मेदाम्लांशी संयोग पावतात आणि फेसाऐवजी पांढरट, चिकट साका तयार होतो. तो साका विषाणूच्या आवरणात शिरू शकत नाही. जेवढा साबण साक्यात जातो तेवढा विषाणूवरील कामातून वजा होतो. नळाला येणाऱ्या मांजरा धरणाच्या पाण्यात ही वडी घरी भरपूर फेस देत होती, तर वसतिगृहाच्या बोअरच्या पाण्यात मुलींना ती पुन्हा पुन्हा घासावी लागत होती आणि बेसिनवर थर साचत होता. हा दोष या गटाचा नाही, तेल आणि कॉस्टिकपासून बनलेल्या प्रत्येक साबणाला तो लागू आहे. तरीही बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावांतच माल विकायचा असेल तर वेष्टनावर दोन ओळींची सूचना हवी: फेस येईपर्यंत साबण घ्यावा, शक्य असल्यास गोड्या पाण्याने धुवावे. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे नळ सोडून २० सेकंद हात धुवा असे सांगण्यापेक्षा हात ओले करून, नळ बंद ठेवून चोळावेत आणि मग तांब्याने धुवावेत, असे सांगणे अधिक उपयोगाचे.

गटाचा द्रवरूप साबण मी वडीच्या तुलनेत दुय्यम मानून उघडला होता, परंतु वसतिगृहासाठी मी शेवटी त्याचीच शिफारस केली. तो मेदाम्लांचा साबण नसून सोडियम लॉरेथ सल्फेटवर आधारलेला आहे, आणि हे द्रव्य जड पाण्यातही साका न करता फेस देते. मेदाच्या आवरणावर त्याचा परिणाम तत्त्वतः तसाच होतो. त्वचेला तो वडीइतका सौम्य वाटत नाही. अल्कोहोलयुक्त द्रावणाविषयी थोडक्यात सांगता येईल: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे त्यात ८० टक्के इथेनॉल, ग्लिसरॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असल्याचे लिहिले आहे, आवरण असलेल्या विषाणूंसाठी ते उत्तम आहे, हिपॅटायटिस ए आणि नोरोव्हायरसवर त्याचा भरवसा धरू नये, मळलेल्या हातांवर ते वापरू नये आणि चुलीपासून दूर ठेवावे.

प्रदर्शनातील विक्रेत्या ताई हीच वडी गोठ्यासाठीही सुचवत होत्या, म्हणून तेही नोंदवते. २०२२ मध्ये लंपीमुळे राज्यभर जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, ते देवणी आणि लाल कंधारी गायी जोपासणाऱ्या शेतकऱ्याच्या मनातून गेलेले नाही. लंपीचा विषाणू आवरण असलेला आहे आणि साबणासारख्या द्रव्यांना तो बळी पडतो, पण सुकलेल्या खपल्यांत तो कित्येक आठवडे तग धरतो आणि मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो, त्यामुळे तिथे लसीकरण आणि कीटकनियंत्रण हेच आधी. लाळ्या खुरकूतचा विषाणू तर आवरणहीन आहे. त्याच्यावर साबणापेक्षा ४ टक्के धुण्याचा सोडा, म्हणजे लिटरभर पाण्यात ४० ग्रॅम, अधिक परिणामकारक ठरतो, कारण तीव्र अल्कतेने त्याचे प्रथिनांचे कवच मोडते. दूध काढण्यापूर्वी हात धुण्यासाठी वडी जरूर वापरावी. गोठा निर्जंतुक करण्यासाठी ती घेऊ नये.

एक अभ्यासकीय उणीवही नोंदवावीशी वाटते. माहितीपत्रक वाचून असा समज होतो की विषाणूला मेद फक्त अंगावर घेण्यासाठी लागतो. प्रत्यक्षात आवरणहीन विषाणूही पेशीच्या आत मेदावरच अवलंबून असतात: पोलिओचा विषाणू पेशीतील पटलांची पुनर्रचना करून त्यांवर विशिष्ट फॉस्फोलिपिड हे मेदरेणू वाढवून घेतो आणि तिथेच आपल्या प्रती काढतो, तर रोटाव्हायरसचे उत्पादनस्थळ मेदबिंदूंच्या घटकांशी निगडित असते. काही विषाणू आवरणावर फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेदरेणू मिरवतात. मरणाऱ्या पेशी हाच रेणू बाहेर दाखवून ‘मला गिळा’ असा संकेत देतात, आणि तो संकेत पाहून दुसरी पेशी विषाणूलाच आत घेते. हे सर्व एका साबणाच्या कागदावर मावणार नाही, पण दोन वाक्यांत सुचवता आले असते, आणि हा कागद शाळकरी मुलांच्या हातीही जातो.

नळाचे गोडे पाणी असलेल्या घरांनी ही वडी निःशंक घ्यावी; ४५ रुपयांत इतका सौम्य हातसाबण आपल्या भागात दुसरा मला मिळालेला नाही, आणि त्यातून आपल्याच रानातील करडईला मागणी येते. बोअरच्या पाण्यासाठी द्रवरूप साबण घ्यावा. घेताना उत्पादनाची तारीख पाहावी आणि अलीकडची असेल तर वडी घरी आणखी काही आठवडे हवेशीर जागी सुकू द्यावी, म्हणजे ती जास्त दिवस टिकते. माहितीपत्रकाचे दुसरे पान जपून ठेवावे आणि चौथ्या पानावरचा सल्ला अजिबात पाळू नये. वरील आक्षेप मी गटाला लेखी कळवले आहेत. ‘सर्व विषाणूंवर’ याऐवजी ‘मेदाचे आवरण असलेल्या विषाणूंवर’ असे छापावे, त्याखाली सर्दी-तापाचा इन्फ्लूएन्झा आणि कोरोना यांची नावे द्यावीत, आणि कावीळ व अतिसारासाठी चोळून, भरपूर पाण्याने हात धुण्याची वेगळी सूचना द्यावी, अशी विनंती त्या पत्रात केली आहे.